विचारा की! : अळणी रश्शाचं पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं

एप्रिल-मे आला की सोलापुरात पारा ४२-४३ च्या खाली यायचं नाव घेत नाही आणि नेमकं त्याच दिवसांत लग्नं, जावळं, जत्रा, सुट्टीचे पाहुणे, म्हणजे मोठमोठी पातेली चढतात. यावेळी रस्सा, शेरवा, पाया, येळवणी याबद्दल इतके प्रश्न आलेत की म्हटलं बाकी विषय पुढच्या अंकात घेऊ, आज एवढाच. मी २२ वर्षं घरगुती मेस चालवली आहे, रोज ४० ताटं, त्यामुळे उरलेल्या रश्शाचं काय करायचं हा प्रश्न मी रोज रात्री दहा वाजता सोडवलेला आहे, आणि एकदा तो चुकीचा सोडवला त्याचं पण सांगणार आहे.

प्रश्न : ताई, मागच्या रविवारी पाहुणे होते, दोन किलो मटण शिजवलं. सुक्कं संपलं पण अळणी रस्सा तीन लिटर तरी उरला. रात्री सगळे दमलेले, पातेलं झाकून ओट्यावरच राहून गेलं. सकाळी सातला उघडलं तर वास एकदम चांगला. सासूबाई म्हणाल्या खळखळून उकळी आण, काही होत नाही, आम्ही आयुष्यभर हेच केलं. मी ऐकलं नाही, सगळा ओतून दिला. तेव्हापासून घरात अबोला चालू आहे, अन्न फेकलंस म्हणून. माझं चुकलं का? (एक सून, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही चुकलं. हे वाक्य हवं तर सासूबाईंना दाखवा, पण पुढचं सगळं पण वाचायला द्या, कारण त्यांचंही सगळंच चूक नाहीये.

आधी उकळीचं बघू. आपल्याला वाटतं उकळलं म्हणजे सगळं मेलं. जिवंत, हालचाल करणारे जंतू मरतात हे खरं, पण काही जंतूंचे बीजाणू असतात ते उकळीत पण मरत नाहीत. ज्वारीचा दाणा कणगीत वर्षभर निवांत पडून राहतो आणि ओल मिळाली की कोंब फुटतो ना, तसंच समजा. मटण-कोंबडीच्या रश्शात ज्याचा त्रास जास्त होतो तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू, त्याचे बीजाणू मटण शिजताना टिकून राहतात आणि रस्सा हळूहळू गार व्हायला लागला की जागे होतात. त्याला सगळ्यात आवडणारं तापमान ४३ ते ४७ अंश सेल्सिअस. आता तुम्हीच बघा, मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात रात्री अकराला काय हवा असते, तीन लिटरचं झाकलेलं पातेलं त्या कोमट अवस्थेत किती तास राहत असेल. इतक्या आवडीच्या गरमीत हा जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तासाभरात एकाचे ३२, आणि पुढच्या तासात त्या प्रत्येकाचे परत ३२.

मग सकाळी उकळलं तर हे मरतील की, असं सासूबाई विचारतील आणि त्यांचा मुद्दा बरोबर आहे, हा जंतू नीट उकळीत मरतो. पण रात्रभर बाहेर राहिलेल्या पातेल्यात तो एकटाच नसतो. आपल्या हाताला, नाकात, बोटाच्या जखमेत असणारा स्टॅफिलोकॉकस असतो, भाताबरोबर येणारा बॅसिलस सेरियस असतो, आणि हे दोघं रश्शात विष तयार करून ठेवतात जे उकळीनं जात नाही. जंतू मरतो, विष तसंच. म्हणून तुम्ही अर्धा तास खळखळवलं असतं तरी त्या रश्शाची खात्री देता आली नसती.

राहिला वास. घरात भांडण होतं ते इथेच, कारण प्रत्येकाला आपल्या नाकावर भरवसा असतो. अन्नाला आंबूस वास आणणारे, बुरशी धरणारे जंतू वेगळे आणि पोट बिघडवणारे बरेचदा वेगळे. दुसऱ्या प्रकारचे भरपूर वाढले तरी वास, रंग, चव जशीच्या तशी राहू शकते. वास आला तर टाकायचं हे ठरलेलंच, पण वास आला नाही म्हणून चांगलं आहे असं नाही. म्हणून मी घड्याळ बघते. शिजवलेलं अन्न बाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा ३२ अंशाच्या वर असेल तर एकच तास. सोलापुरात मार्च ते जून म्हणजे एकच तास धरा, दुसरा विचारच नको.

आता माझं. मेस सुरू होऊन तिसरं वर्ष, आखाड चालू, दुसऱ्या दिवशी लवकर गावी जायचं होतं म्हणून रात्रीच मोठ्या जर्मनच्या पातेल्यात ४० जणांचा रस्सा करून झाकून ठेवला. सकाळी गरम केला, कडेनं बुडबुडे दिसले म्हणून गॅस बंद केला, मधला रस्सा तेव्हा कोमटच असणार हे आज कळतंय. मी स्वतः वाटीभर चाखला होता, चव उत्तम, वास उत्तम. दुपारी पोरं पोटभर जेवली आणि मध्यरात्रीपासून एकेकाच्या पोटात मुरडा, जुलाब. अकरा पोरं. मी गावाहून रात्रीच परत आले, प्रत्येकाच्या खोलीवर गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी उठून बसली, पण एका पोराची परीक्षा बुडली आणि त्याच्या आईला फोन करताना मला काय बोलावं सुचत नव्हतं. ते अजून विसरले नाही. तेव्हापासून कुणी मला म्हणालं वास तर चांगला येतोय की, तर मी ऐकून घेत नाही.

आणि सासूबाईंचं बरोबर कुठे ते पण सांगते. त्या म्हणतात आम्ही आयुष्यभर केलं, ते खोटं नाही. पण तेव्हा पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं, खाली निखारे असायचे, रस्सा रात्रभर कढत राहायचा. ६० अंशाच्या वर अन्न सतत गरम राहिलं तर जंतू वाढत नाहीत, हा नियम आजही तसाच आहे. आज आपण गॅस बंद करतो आणि तिथूनच पातेलं कोमट व्हायला लागतं. पद्धत तीच राहिली, खालचा निखारा गेला. त्यांना हे असं सांगून बघा, म्हणजे त्यांची पद्धत मूर्खपणाची होती असा अर्थ निघणार नाही.

हा वाद काय आजचा नाहीये बरं का. १७४८ मध्ये नीडहॅम नावाच्या इंग्रज पाद्र्यानं चुलीवरून उतरवलेला मटणाचा कढत रस्सा बाटलीत भरून घट्ट बूच लावलं, काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर आत जीवच जीव. त्याला वाटलं रश्शातून जीव आपोआप जन्मतात. मग १७६५ मध्ये इटलीच्या स्पालांझानीनं बाटलीचं तोंड काच वितळवून बंद केलं, चांगलं तासभर उकळलं, तर आत काही उगवलं नाही. आणि १८७७ मध्ये टिंडॉल या शास्त्रज्ञानं दाखवलं की काही जंतू उकळी सोसून बीजासारखे राहतात आणि गार झाल्यावर उगवतात. म्हणजे तुमच्या ओट्यावर त्या रात्री जे झालं ते समजायला जगाला सव्वाशे वर्षं लागली, सासूबाईंना एका दिवसात पटावं अशी अपेक्षा नको.

अन्न वाया गेलं याचं दुःख मात्र खरं आहे, दोन किलो मटणाचा अर्क आहे तो. पुढच्या वेळी रात्री जेवायला बसायच्या आधीच उरणारा रस्सा बाजूला काढायचा, जेवणं झाल्यावर नाही. तेवढी एक सवय लागली तर ओतायची वेळच येणार नाही.

प्रश्न : मी एकटाच राहतो, एमआयडीसीत नाईट शिफ्ट असते. रविवारी कोंबडीचा शेरवा करतो, आठवडाभर पुरवतो. गरम गरम फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात म्हणून रात्री बाहेर ठेवून सकाळी आत ठेवतो. गुरुवारपासून फ्रिज चालू असून पण वास मारूलालाय. काय चुकूलालंय? (अक्कलकोट रोड)

उत्तर : दोन गोष्टी चुकतायत. बाहेर रात्रभर ठेवताय ती पहिली, वरचं उत्तर वाचा. दुसरी, फ्रिजमधला शेरवा तीन दिवस, फार तर चार. रविवारचा बुधवारपर्यंत. गुरुवारी वास येतोय म्हणजे फ्रिजनं त्याचं काम केलं, आठवडा काढणं हे त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, सावकाश वाढतात एवढंच.

गरम फ्रिजमध्ये ठेवू नये हे अर्धं खरं आहे. पाच लिटरचं कढत पातेलं आत ढकललं तर फ्रिजमधलं दूध, दही, सगळंच कोमट होतं आणि पातेल्याच्या मधला रस्सा पण कित्येक तास गरम राहतो. पण म्हणून बाहेर रात्रभर ठेवायचं हा त्यावरचा उपाय नाही, पटकन गार करायचं हा उपाय आहे. हॉटेलवाल्यांसाठी नियम असा असतो की गरम अन्न दोन तासांत २१ अंशापर्यंत यायला हवं आणि त्यापुढच्या चार तासांत ५ अंशापर्यंत. घरी मोजत बसायची गरज नाही, हे करा : हाडं, पीस बाहेर काढा. रस्सा स्टीलच्या पसरट भांड्यांत ओता, दोन-तीन बोटं उंचीपेक्षा जास्त नको. प्लास्टिकचा डबा नको, प्लास्टिक उष्णता धरून ठेवतं, स्टील सोडतं. मग ते भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि मधूनमधून हलवायचं.

इथे सोलापूरची एक अडचण आहे, गच्चीवरच्या टाकीचं पाणी. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला नळ सोडला तरी अंघोळीचं पाणी आल्यासारखं येतं, त्यात रस्सा काय गार होणार. म्हणून परातीत माठातलं पाणी घ्या आणि वर बर्फाचे दोन ट्रे उपडे करा, पाणी कोमट झालं की बदला. मी मेसमध्ये सरळ पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवायचे, त्या बाहेरून घासून धुवून परातीत टाकायच्या, बर्फ संपायची भानगड नाही. अर्ध्या तासात भांड्याला हात लावला तर गरम लागत नाही, तेव्हा झाकण लावून आत. थोडंसं कोमट असेल तरी चालतं, छोट्या भांड्यातलं कोमट फ्रिजला जड जात नाही. आणि दारातल्या कप्प्यात नको, दार उघडझाप करून तिथलं तापमान सगळ्यात जास्त हलतं, आतल्या बाजूला ठेवा.

तुम्हाला आठवडा पुरवायचाय तर रविवारीच दोन वाटे करा. तीन दिवसांचं फ्रिजमध्ये, बाकीचं फ्रीझरमध्ये. फ्रीझर उणे १८ अंशाला असेल तर दोन-तीन महिने चवीला काही होत नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवला तर अजून सोपं, रात्री कामावरून आलात की चार वड्या पातेल्यात टाकल्या, खळखळ उकळी आणली, भाकरी कुस्करली, झालं. डब्यात गोठवत असाल तर वर दोन बोटं जागा सोडा, पाणी गोठताना फुगतं, काचेची बाटली तर हमखास तडकते. डब्यावर तारीख लिहा, चिकटपट्टी आणि पेन पुरे, आठवतंय असं वाटतं पण आठवत नाही.

एक अजून, जेवढा लागेल तेवढाच काढून उकळा. सगळं पातेलं रोज गरम करायचं, अर्धं खायचं, परत आत ठेवायचं, असं केलं की प्रत्येक वेळी तो शेरवा त्या कोमट टप्प्यातून दोनदा जातो. आणि नवीन शेरवा जुन्यात मिसळू नका, नाहीतर सगळ्याचंच वय जुन्याएवढं होतं.

प्रश्न : पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी बघते तर थलथलीत झालंय, वर पांढरा जाड थर. खराब झालं का? (विजापूर रोड)

उत्तर : अजिबात नाही, उलट पाया चांगला उतरलाय! हाडं-सांध्यांत जे कोलॅजन असतं ते तासन् तास शिजून जिलेटिन होतं आणि गार झालं की ते घट्ट बसतं, गरम केलं की परत पातळ. वरचा पांढरा थर म्हणजे चरबी, मटणाची असेल तर मेणासारखी कडक आणि पांढरी, कोंबडीची पिवळसर, मऊ. खायच्या दिवशी चमच्यानं उचलून काढा. लोकांना वाटतं चरबीचा थर म्हणजे सील, खालचं महिनाभर टिकतं. तसं नाही, तेच तीन-चार दिवस.

सूप गढूळ दिसतंय म्हणून पण बऱ्याच जणी विचारतात. मोठ्या आचेवर खळखळवलं की चरबी आणि प्रथिनं रश्शात मिसळून तो गढूळ होतो, मंद आचेवर वरचा फेस काढत राहिलं तर नितळ राहतो. गढूळपणा पहिल्या दिवसापासून असेल तर काळजी नाही. काल नितळ होतं आणि आज न हलवता गढूळ झालंय, तर मात्र शंका घ्या.

खराब झाल्याच्या खुणा म्हणाल तर, झाकण काढल्या काढल्या आंबूस किंवा कुजकट वास, गरम न करताच बारीक बुडबुडे किंवा फेस, चमच्यानं उचललं की तार सुटणं, बुळबुळीतपणा, वर हिरवट, काळे, पांढरे केसाळ ठिपके, डब्याचं झाकण फुगणं. यातली एक जरी दिसली तरी सगळं टाकायचं. बुरशीचा ठिपका वरून काढून खालचं वापरायचं हे पातळ पदार्थात चालतच नाही, बुरशीचं जे दिसतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त असतं. घट्ट झालेली जेली फ्रिजमध्ये असूनच पाण्यासारखी पातळ झाली असेल तर ती पण खूण समजा, जंतू जिलेटिन खाऊन टाकतात. आणि हे सगळं ठीक असलं तरी तारीख बघायचीच.

थोडंसं जिभेवर ठेवून बघू का, असं एकीनं विचारलंय. नको. शंका असलेली गोष्ट चाखायची नसते, घरातल्या बाईनं तर नाहीच, आपण सगळ्यांसाठी आधी चाखतो आणि आधी आजारी पडतो.

प्रश्न : लेक बाळंतीण आहे, सिझर झालंय. पहाटे पाया सूप करून थर्मासमध्ये भरते, ती दिवसभर थोडं थोडं घेते, संध्याकाळी सहाला संपतं. बरोबर आहे ना? (साखर पेठ)

उत्तर : माया बरोबर आहे, वेळ जास्त होतेय. थर्मास कितीही चांगला असला तरी प्रत्येक वेळी उघडला की उष्णता जाते आणि अर्धा रिकामा झाला की अजून लवकर निवतो. दुपारी दोन-तीननंतर तुमची लेक बहुतेक कोमट सूप पीत असणार, आणि कोमट म्हणजे जंतूंना हवं तेच.

असं करा, थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ते ओतून मग खळखळतं सूप काठोकाठ भरा. झाकण उघडल्यावर भरपूर वाफ यायला हवी आणि फुंकर मारल्याशिवाय घोट घेता येऊ नये, असं असेल तोवर ठीक. चार तासांच्या वर नाही. उरलेलं सूप पहाटेच गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुपारी तिच्यापुरतं ताजं उकळून द्या. दोन छोटे थर्मास एका मोठ्यापेक्षा चांगले. थर्मासचं झाकण आणि आतली रबरी चकती रोज काढून गरम पाण्यानं, ब्रशनं धुवा, तिथे चरबी अडकते आणि नव्या सुपाला जुना वास लागतो.

घरात गरोदर बाई, ज्येष्ठ माणसं, लहान बाळं असली की मी नियम अजून घट्ट करते. लिस्टेरिया नावाचा एक जंतू फ्रिजमधल्या गारव्यात पण वाढतो आणि गरोदरपणात त्याचा धोका मोठा. त्यांना फ्रिजमधलं काहीही द्यायचं असेल तर पूर्ण उकळूनच, कोमट करून नाही.

प्रश्न : कुकर न उघडता तसाच ठेवला तर? आत वाफेनं सगळं मेलेलंच असतं ना. (होटगी रोड)

उत्तर : बऱ्याच जणांना असं वाटतं. कुकर गार होताना बाहेरची हवा आत ओढतो, ती आपल्या स्वयंपाकघरातलीच हवा, आणि घरच्या चार शिट्ट्यांत सगळे बीजाणू मेले याची खात्री नसते. बंद, कोमट, हवा कमी असलेली जागा ही काही जंतूंना तर जास्तच मानवते. याच कारणानं गरम रस्सा काचेच्या बरणीत भरून, घट्ट झाकण लावून फडताळात ठेवायचं जे हल्ली व्हिडिओत दाखवतात ते मला बघवत नाही. बोट्युलिझम नावाची विषबाधा त्यातून होते, दुर्मिळ आहे पण माणूस जातो, आणि त्या बरणीला वास येईलच असं नाही. मीठ-तिखट घातलंय ना भरपूर, असं म्हणाल तर रश्शातलं मीठ चवीपुरतं असतं, लोणच्याच्या मिठाशी त्याची बरोबरी नाही. काळं तिखट कितीही जहाल असलं तरी ते जिभेला, जंतूला नाही.

प्रश्न : परवा दुपारी लाईट गेली ती सहा तासांनी आली. फ्रिजमध्ये रस्सा होता, फ्रीझरमध्ये पण. (विडी घरकुल)

उत्तर : दार उघडलं नसेल तर फ्रिज साधारण चार तास गार राहतो. सहा तास झाले आणि आपला उन्हाळा, खालचा रस्सा टाका. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४ तास तग धरतो, त्यातला रस्सा अजून दगडासारखा असेल किंवा त्यात बर्फाचे खडे शिल्लक असतील तर चालेल. पूर्ण पातळ होऊन कोमट झालेला परत गोठवू नका.

सुट्टीत गावी जाताना फ्रीझरमध्ये वाटीभर बर्फ गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मध्ये सगळं वितळून परत गोठलंय हे कळतं.

प्रश्न : आम्ही माळकरी, मटणाचा संबंध नाही. पण होळीला पुरणाची येळवणी उरते, कटाची आमटी दुसऱ्या दिवशी मुरलेली छान लागते. तिला पण हेच नियम का? (बाळे)

उत्तर : हो, तिलाही. हरभरा डाळीच्या पाण्यात पिष्ट, प्रथिनं भरपूर, वर पुरणाचा थोडा गोडवा, ओलं किंवा सुकं खोबरं वाटून घातलेलं, जंतूंना यापेक्षा चांगलं जेवण कुठलं. येळवणी रश्शापेक्षा लवकर आंबते हा माझा अनुभव आहे, होळीच्या वेळी दुपारची उन्हं तापलेली असतातच. मुरायला हवी ना, मग फ्रिजमध्ये मुरू द्या, तिथे पण मसाला तेवढाच मुरतो. डाळ निथळल्यावर येळवणी लगेच वेगळी काढा, अर्धी फोडणीला, अर्धी गार करून आत. बिनफोडणीची, बिनखोबऱ्याची येळवणी फ्रीझरमध्ये पण छान राहते, आठवड्यानं काढून ताजी फोडणी दिली तर कुणाला कळत पण नाही. चिंच घातली की टिकते म्हणतात, आमटीत आपण घालतो तेवढ्या चिंचेनं काही टिकत नाही.

प्रश्न : वाचायच्या आधीच खाऊन बसलोय! काल रात्रीचा बाहेर राहिलेला रस्सा आज दुपारी. आता काय होईल? (नवी पेठ)

उत्तर : घाबरू नका, दरवेळी होतंच असं नाही. लक्ष ठेवा. तास-दोन तासांपासून सहा-आठ तासांत जोरात उलट्या झाल्या तर तयार विषाचा प्रकार, सहा ते चोवीस तासांनी मुरडा आणि जुलाब झाले तर पहिल्या उत्तरातला जंतू. दोन्ही बहुतेक वेळा एक दिवसात आपोआप थांबतात. तोवर पाणी कमी पडू द्यायचं नाही, मेडिकलमधून ओआरएस आणा, नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरा, घोट घोट घेत राहा. जुलाब बंद करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका.

पोटात पाणी पण टिकत नाही, जुलाबात रक्त, अंगात ताप, उठलं की चक्कर, लघवी कमी झालीय, यातलं काही असेल तर दवाखाना. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर वाट न बघता लगेच. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, पापण्या जड होऊन मिटणं, गिळायला, बोलायला अडखळणं असं झालं तर रात्र असो की दिवस, सरळ मोठ्या हॉस्पिटलात, आणि काय खाल्लं, किती वाजता खाल्लं हे डॉक्टरांना सांगा. रस्सा उरला असेल तर थोडा झाकून बाजूला ठेवा, तपासायला लागू शकतो.

बाकीचा टाकताना मोरीत ओतू नका, चरबी पाईपात गोठते आणि पंधरा दिवसांनी मोरी तुंबते. चरबी गोठू द्या, जुन्या पेपरात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्या, पातळ रस्सा संडासात. गल्लीतल्या कुत्र्यांना पण घालू नका, त्यांचंही पोट बिघडतं आणि शिजलेल्या हाडाची कपच घशात अडकते. पातेलं गरम पाणी आणि साबणानं घासा, ज्या चमच्यानं ढवळलं तो चमचा आणि ज्या फडक्यानं ओटा पुसला ते फडकं पण उकळत्या पाण्यात घाला.